बाटलीवरची लाल रेघ

"आपण काय ड्रग्ज घेत नाही." ऑगस्ट ते डिसेंबर 2024 मी हे वाक्य स्वतःला रोज ऐकवत होतो. माझं गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर, सणसरच्या पुढं आत आहे. गावाचं आणि कुणाचंच नाव लिहीत नाही, कारण आमच्यातली तीन पोरं अजून भरतीच्या मागं आहेत.

मी पोलीस भरती करत होतो. आमच्याकडं 'काय करतोस' विचारलं की 'भरती करतोय' असंच उत्तर असतं, जणू ती नोकरीच आहे. मैदानी परीक्षा 50 गुणांची. त्यात 1600 मीटर धावायला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. मुलांनी 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत मारलं तर 20 पैकी 20. गोळा मी बरा टाकायचो. घोडं अडायचं ते 1600 ला. जून 2024 ला राज्यात 17,471 जागांची मैदानी सुरू झाली, तेव्हा मी 5 मिनिटं 38 सेकंदांत आलो. लेखीच्या यादीत नाव लागलं नाही. माझे वडील, आप्पा, काही बोलले नाहीत. ऊस लागणीला चालले होते, म्हणून मलाही शेतात घेऊन गेले, एवढंच.

जुलैच्या शेवटी जिममधल्या एका पोरानं मला मोबाईलवर एक रील दाखवलं. पिळदार माणूस, खाली नंबर. नंबरवर मेसेज केला की यादी यायची. पावडरी, गोळ्या, इंजेक्शनं. प्रत्येकापुढं हिरवी खूण आणि 'शंभर टक्के लीगल'. त्यात एक दहा मिलीची काचेची बाटली होती. मेफेंटरमाइन. पोरं तिला नुसती 'बाटली' म्हणायची. दम लागत नाही, थकवा येत नाही, असं सांगणारे आमच्याच गावात दोघं निघाले.

मी अगदीच आंधळेपणानं उडी मारली असं नाही. गुगलवर बघितलं. औषध खरं होतं, दवाखान्यात वापरतात असं लिहिलेलं होतं. एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत नाव दिसलं नाही. मला तेवढं पुरलं.

त्यात कुरकुंभचं प्रकरण ताजं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून शेकडो किलो एमडी नावाचं ड्रग पकडलं होतं. आमच्यापासून तासाभराचा रस्ता. पारावर महिनाभर तोच विषय. त्यामुळं उलटा परिणाम झाला. ड्रग्ज म्हणजे ते, कुरकुंभचं, पांढरी पावडर, करोडो रुपये. आमचं म्हणजे औषध. कंपनीचं लेबल, बॅच नंबर, सगळं रीतसर.

पार्सल चौथ्या दिवशी आलं. बाहेरून 'फूड सप्लिमेंट' लिहिलेलं. कंपनीचं औषध असेल तर पाठवणारा ते खाण्याचा डबा म्हणून का पाठवतो, हा प्रश्न तेव्हा पडायला पाहिजे होता. बॅच नंबर खरवडलेला होता. लेबलवर उभी लाल रेघ होती. त्या रेघेचा अर्थ मला चोविसाव्या वर्षी कळला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं ते औषध असतं. आमच्या घरात आप्पांच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावरही तीच रेघ आहे. रोज बघत होतो.

पहिल्या आठवड्यात काय झालं ते खरं सांगतो, नाहीतर पुढचं कुणी ऐकणार नाही. फरक पडला. नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं आमचं मोजलेलं अंतर आहे, तिथं मी 5 मिनिटं 6 सेकंद लावले. दोघांनी दोन मोबाईलवर वेळ धरली होती. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या आठवड्यापासून वेळ परत मागं जायला लागली. तेवढ्याच औषधानं तेवढा जोर येईना. मग वाढवलं. सप्टेंबरमध्ये मी न धावायच्या दिवशीही घ्यायला लागलो. घेतलं नाही की अंग पडायचं, कशातच मन लागायचं नाही. भरती कधीच बाजूला राहिली होती. गणपतीच्या मिरवणुकीत घेतलं, मित्राच्या हळदीत घेतलं. हे मी आजपर्यंत आप्पांना सांगितलेलं नाही, आता वाचतील.

झोप गेली. हात कापायचे. आई चहा द्यायची तर बशी वाजायची. ती म्हणायची, "अशक्तपणा आलाय, धावणं जरा कमी कर." मी तिच्यावर ओरडायचो. ऑक्टोबरमध्ये डोक्यात वेगळंच शिरलं. कालव्यावर बसलेली माणसं माझ्याबद्दल बोलतात असं वाटायचं. माझा फोन कुणीतरी ऐकतंय असं वाटून मी दोनदा सिम काढून ठेवलं. एकदा चुलत्यांना विचारलं, "तात्या, तुम्ही माझ्या मागावर माणूस लावलाय का?" तात्या हसले. त्यांना मस्करी वाटली. मला ती अजिबात मस्करी वाटत नव्हती.

आता दुसरी गोष्ट, जी पुढं जास्त महागात पडली. मागवायला एक बाटली परवडत नव्हती. दहाचा खोका घेतला की स्वस्त. आम्ही पाच जण झालो. इंदापूरच्या अकॅडमीतले दोघं, गावातले तिघं. पैसे माझ्या यूपीआयवर यायचे, मी पुढं पाठवायचो, पार्सल माझ्या पत्त्यावर. पोहोचवायला जायचो म्हणून बाटलीमागं पन्नास रुपये पेट्रोलचे घ्यायचो. याला धंदा म्हणतात हे मला खरंच सुचलं नव्हतं. आणि आम्ही शहाणे असल्यानं प्रत्येकाची सुई वेगळी होती. बाटली मात्र एकच. वापरलेली सुई परत त्याच बाटलीत जायची.

डिसेंबर 2024, दुसरा आठवडा. पहाटे साडेपाच. कडाक्याची थंडी. मी रात्रभर जागा होतो आणि नेहमीपेक्षा जास्त घेतलेलं होतं. दुसऱ्या फेरीत डोकं कुणीतरी आतून ठोकतंय असं झालं. छाती इतकी उडत होती की बनियनवरून दिसत होती, असं मित्र नंतर म्हणाला. उलटी झाली. समोरचं दोन-दोन दिसायला लागलं. मी कालव्याच्या भरावावर आडवा झालो.

पोरांनी काय केलं? आधी सुया आणि बाटली कालव्यात फेकली. मग मला उचललं. त्यांना दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. पण ही आमची सगळ्यात मोठी चूक होती.

मला मोटारसायकलवर मधे बसवून नेलं. गळीत हंगाम चालू होता. भवानीनगरच्या कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, मधे बैलगाड्या. बारामतीला पोहोचायला एरवीच्या दुप्पट वेळ लागला. 108 ला फोन करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलंही असेल. ॲम्ब्युलन्स म्हटलं की कागद होतो, कागद झाला की भरती जाते, हे आम्हाला पाठ होतं.

खासगी दवाखान्यात बीपी निघालं 196 वर 118. वय 23. डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंस?" मी म्हणालो, "काही नाही, उपाशीपोटी धावलो." आप्पा आले. त्यांनी शपथेवर सांगितलं, "सायेब, आमचं पोरगं सुपारी खात न्हाई." ईसीजी झाला, सलाईन लागली, डोक्याचं स्कॅन करायचं ठरलं. दुपारपर्यंत डॉक्टर अंधारात आणि मी खोटं बोलत पडलेला.

सिस्टरनं शर्टाची बाही वर केली आणि दंडावरचे डाग बघितले. ती कुणाला काही बोलली नाही. आप्पांना चहा प्यायला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाली, "दादा, मला पोलिसात द्यायचं नाहीये. नाव कळलं नाही तर डॉक्टर चुकीचं औषध देतील." मी मोबाईलमधला बाटलीचा फोटो दाखवला. तो फोटो मी ऑर्डर देण्यासाठी काढून ठेवला होता. नाव कळल्यावर डॉक्टरांनी चालू औषधांतलं एक लगेच बंद केलं. बीपी आणि धडधड कशानं वाढलीय त्यावर खाली आणायचं औषध ठरतं, एवढं मला त्यांनी नंतर समजावलं. म्हणून कुणावर अशी वेळ आलीच तर बाटली फेकू नका. सोबत न्या.

मोठे डॉक्टर संध्याकाळी आले. माझी ताई तिथंच होती. त्यांनी तिला विचारलं, "तुमचं बाळंतपण सिझरनं झालं का?" ती हो म्हणाली. "पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. त्यानं बीपी पडतं. ते वर उचलायला आम्ही हे देतो. बारीक मापानं, समोर मॉनिटर, बाजूला भूलतज्ज्ञ." मग माझ्याकडं वळले. "तुझं बीपी पडलेलं नव्हतंच. तू चांगल्या बीपीला वर ढकलत होतास, रोज." मेंदूत रक्तस्राव झाला नाही, हृदय बंद पडलं नाही, हे माझं नशीब, असं ते म्हणाले. खेळाडूंसाठी हे औषध आंतरराष्ट्रीय बंदीच्या यादीत उत्तेजक म्हणून आहे, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्यातला एक कबड्डीवाला हे ऐकून त्या दिवसापासून गायब झाला.

तीन दिवसांनी घरी आलो. मला वाटलं, संपलं. खरं तर अवघड भाग तिथून पुढं होता. पाच दिवस मी फक्त झोपलो आणि खाल्लं. मग जे आलं ते कसं सांगू. रडायला यायचं, कारण नसताना. गोठ्यात जाऊन बसायचो. नंबरवाल्याचा मेसेज आला की हात थरथरायचा, नको म्हणून नाही, हवं म्हणून. ताईनं 14416 वर फोन लावला. टेलिमानस, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. नशेसाठी वेगळा 14446 हा नंबरही आहे, तो आम्हाला तिथूनच कळला. त्यांच्या सांगण्यावरून मानसोपचारांच्या डॉक्टरांकडं गेलो. आप्पांनी मुक्तांगणचं नाव ऐकलेलं होतं. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 ला पुण्यात सुरू केलेलं. ते म्हणत होते, तिथंच टाकू. डॉक्टरांनी आधी दर आठवड्याला येऊन बघू म्हणून सांगितलं, आणि मला त्यात निभलं. ज्याला निभत नाही त्यानं भरती व्हायला लाजू नये. आम्हाला 'भरती' शब्दाचा एवढा नाद, तर ही पण एक भरतीच.

संशय घेणं, फोन ऐकला जातोय असं वाटणं, हे सगळं त्या औषधानं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी वेडा झालो नव्हतो. हे ऐकून मला किती बरं वाटलं! तात्यांची माफी मागितली. ते परत हसले.

याच डॉक्टरांनी एकदा मला एमडीचा इतिहास सांगितला. मी नेहमीप्रमाणं म्हणालो होतो, "पण सर, एमडीसारखं काय नव्हतं ते, लीगल होतं." ते म्हणाले, एमडीही लीगलच होतं. मेफेड्रोन. इंग्लंडात ते इंटरनेटवर झाडांचं खत म्हणून विकलं जायचं, पाकिटावर 'माणसांनी खाऊ नये' असं छापून. तिथं 2010 ला बंदी आली. आपल्याकडं मुंबईत पोरं त्याला 'म्याव म्याव' म्हणत ओढत होती, पोलीस पकडत होते आणि कलम सापडत नव्हतं. फेब्रुवारी 2015 ला ते एनडीपीएसच्या यादीत आलं. आता 50 ग्रॅमपेक्षा जास्त म्हणजे व्यावसायिक प्रमाण, शिक्षा दहा ते वीस वर्षं. "जानेवारी 2015 मधलं एमडी आणि मार्चमधलं एमडी," ते म्हणाले, "पावडर तीच होती." कुरकुंभला पकडलेलं तेच.

मी एचआयव्ही आणि दोन्ही काविळींची, म्हणजे हेपटायटिस बी आणि सीची तपासणी केली. तीन महिन्यांनी परत केली, कारण लागण ताजी असेल तर पहिल्या वेळी दिसत नाही. माझे रिपोर्ट चांगले आले. आमच्यातल्या एकाला हेपटायटिस सी निघाला. सुई वेगळी होती, बाटली एक. त्याला सरकारी कार्यक्रमातून गोळ्या फुकट मिळाल्या, बारा आठवडे. आता तो बरा आहे. त्याच्या घरी साधी कावीळ होती असंच माहीत आहे.

जानेवारी 2025 च्या शेवटी पोलीस ठाण्यातून फोन आला. दुसऱ्याच जिल्ह्यात माल पाठवणारा सापडला होता आणि त्याच्या फोनमध्ये माझा नंबर, माझा पत्ता, माझे सतरा व्यवहार होते. आप्पा माझ्यासोबत आले. बाकावर बसून त्यांनी दोन तास टोपी हातात धरलेली होती. ती टोपी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

बारामती कोर्टातल्या एका वकिलांकडं गेलो. त्यांनी यूपीआयचा उतारा वाचला आणि पेन्सिलीनं पन्नास रुपयांवर गोल केला. "हे काय?" "पेट्रोलचे." "कोर्ट याला नफा म्हणंल." मग त्यांनी सांगितलं ते असं. औषध स्वतःपुरतं घेणाऱ्याला औषध कायदा सहसा धरत नाही. विकणाऱ्याला धरतो. परवाना नसताना औषध विकलं की 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम 18(सी) लागतं, आणि 27 प्रमाणं शिक्षा तीन ते पाच वर्षं, दंड किमान एक लाख. अपायकारक औषध दुसऱ्याला जाणूनबुजून दिलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 123, दहा वर्षांपर्यंत. मी म्हणालो, ऑनलाइन तर सगळेच औषधं मागवतात. ते म्हणाले, चिठ्ठी अपलोड करून परवानावाल्या दुकानातून मागवणं वेगळं आणि रीलखालच्या नंबरवरून मागवणं वेगळं. विनापरवाना ऑनलाइन विक्री दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 लाच थांबवायला सांगितली होती.

मी शेवटचं हत्यार काढलं. "पण एनडीपीएस तर लागत नाही ना?" वकील म्हणाले, "नाही. आणि त्याचा एक तोटा पण आहे." त्या कायद्यात 64-ए कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला गेला, तर थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात त्याला संरक्षण मिळू शकतं. आम्ही त्या यादीच्या बाहेर, म्हणून त्या संरक्षणाच्याही बाहेर. जे लीगल म्हणून घेतलं, त्यानंच ही वाट बंद केली होती.

शेवटी मला साक्षीदार केलं. दवाखान्याचे कागद, मानसोपचारांचे कागद आणि मी स्वतःहून दाखवलेले सगळे मेसेज, याचा उपयोग झाला. मेसेज डिलीट करायला एका मित्रानं सांगितलं होतं. वकिलांनी त्याआधीच बजावलं होतं की फोनला हात लावायचा नाही, पुरावा पुसला तर नवा गुन्हा. वेळेत सांगितलं म्हणून बरं. आता तारीख लागली की जातो. निवड झाल्यावर जो साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यात गुन्हा दाखल आहे का असा रकाना असतो. माझ्यावर गुन्हा नाही, मी 'नाही' लिहू शकतो. हे वाक्य लिहायला मला फी, ॲडव्हान्स आणि दवाखाना धरून एक लाख चाळीस हजार लागले. आप्पांनी एक म्हैस विकली, उरलेले सोसायटीचे काढले.

इंदापूरच्या एका पोराची आई मला निमगाव केतकीच्या बाजारात भेटली. म्हणाली, "तुझ्यामुळं माझ्या लेकाला ही सवय लागली." मी काही बोललो नाही. पार्सल माझ्याच पत्त्यावर येत होतं.

पालखी गेल्यावर मी परत पळायला लागलो, डॉक्टरांना विचारून. आप्पांनी बीपीचं मशीन आणलंय, त्यांचं आणि माझं एकाच वहीत लिहितात. डाव्या पानावर ते, उजव्या पानावर मी. परवाची नोंद 122 वर 80, आणि खाली कालव्यावरची वेळ, 5 मिनिटं 47 सेकंद. आप्पांचं त्या दिवशी 150 होतं. ते पान त्यांनी पटकन उलटलं.